‘स्कूल सुपरिंटेंडेंट’ला मराठीत काय म्हणावं? (अधीक्षक सोडून सुचवा)

अनुवादिनी
अमेरिकेतल्या एका छोट्या शहराच्या वार्तापत्राचा मराठी अनुवाद करतेय. वाचणारे तिथले मराठी रहिवासी आणि त्यांचे इकडून गेलेले आईवडील. मजकूर साधा आहे: सिटी कौन्सिलच्या बैठकीत नव्या स्कूल सुपरिंटेंडेंटचं स्वागत झालं, त्यांनी थोडक्यात ओळख करून दिली, महापौरांनी शुभेच्छा दिल्या. माझं वाक्य: ‘नगर परिषदेच्या सभेत, नुकत्याच रुजू झालेल्या शाळा अधीक्षकांचे स्वागत करण्यात आले.’
तपासणाऱ्यांनी ‘नगर परिषद’, ‘अधीक्षक’ आणि ‘रुजू’ या तिन्हींवर लाल रेघ मारून लिहिलंय: ‘महापालिकेने नव्या मुख्याध्यापकांचा सत्कार केला.’ यातलं काय ठेवू?

कसबा_कारकून
त्यांच्या वाक्यातलं काहीच ठेवू नका.
मुख्याध्यापक एका शाळेचा. सुपरिंटेंडेंटच्या हाताखाली अख्खा स्कूल डिस्ट्रिक्ट असतो, म्हणजे दोनपाच शाळांपासून शेकड्यापर्यंत, आणि त्या प्रत्येक शाळेचा प्रिन्सिपल त्याला जबाबदार. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हाही नाही. ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते, बहुतेक ठिकाणी स्वतःचा कर लावणारी. अशा संस्था त्या देशात तेरा हजारांच्या आसपास आहेत. त्यांच्या हद्दी शहराच्या हद्दीशी जुळतीलच असं नाही. पुण्याचं भगिनी शहर सॅन होजे घ्या, एका शहरात कितीतरी स्कूल डिस्ट्रिक्ट.
‘सत्कार’ही नको. सुपरिंटेंडेंटला नेमतं स्कूल बोर्ड, जे बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं असतं, आणि करारही त्या बोर्डाशीच होतो. सिटी कौन्सिल त्याला नेमतही नाही, काढतही नाही. तिथे तो शेजारधर्म म्हणून येतो. कार्यपत्रिकेत सुरुवातीला ओळखी आणि सादरीकरणं असतात, त्यात त्याला पाचदहा मिनिटं मिळतात. ठराव नाही, मतदान नाही. ‘सत्कार’ म्हटलं की आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि सूचक-अनुमोदकांची नावं आलीच. ‘स्वागत’ बरोबर आहे.

खडकीकर
‘नगर परिषद’वरची लाल रेघ मात्र योग्य. महाराष्ट्रात हा मोघम शब्द नाही, 1965 च्या कायद्यातली एक विशिष्ट संस्था आहे. दहा ते पंचवीस हजार वस्तीला नगरपंचायत, त्यावर नगर परिषद. तिचेही वर्ग आहेत: एक लाखावर ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’, त्याखाली ‘क’. तीन लाखांच्या पुढे महानगरपालिकेचा विचार होतो. शिवाय नगर परिषदेला नगराध्यक्ष असतो, महापौर नसतो. तुमच्या बातमीत महापौर आहेत, म्हणजे एकाच वाक्यात दोन कायदे झाले.

अनुवादिनी
मग ‘महापालिका’ चालेल? शहराची वस्ती तीस हजार आहे.

कसबा_कारकून
नाही. ‘महापालिका’ म्हटलं की वाचकाला कर गोळा करणारी, पाणी सोडणारी सगळी यंत्रणा दिसते. कौन्सिल म्हणजे फक्त निवडून आलेल्यांची सभा. पुण्यात तिला ‘मुख्य सभा’ म्हणतात, पिंपरी-चिंचवडात ‘सर्वसाधारण सभा’, ठाण्यात ‘महासभा’. कायद्याच्या भाषेत ‘महानगरपालिका’ म्हणजेच नगरसेवकांची ती संस्था, पण तसं बोलतं कोण? पुण्यात 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हाही कागदोपत्री मुख्य सभेचे ठराव होतच राहिले. एकटे प्रशासकच सभा! तुम्ही ‘नगरसभा’ लिहा. ही आपल्या कुठल्याच कायद्यातली संस्था नाही, म्हणून मोकळी आहे.

शुद्धमती
मूळ प्रश्न पदनामाचा आहे, त्याचं उत्तर मराठीत शंभर वर्षांपासून पडून आहे: ‘विद्याधिकारी’. बडोदा संस्थानात शिक्षणखात्याच्या प्रमुखाचं हेच पदनाम होतं. सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषिक कोश 1931 मध्ये काढून घेतला, तो उगाच नाही. नेटका, सहज उच्चारता येणारा शब्द असताना सुपरिंटेंडेंट, डिस्ट्रिक्ट, बोर्ड या कडबोळ्याची गरज काय?

नळस्टॉप
गरज ही की वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. तिथल्या मराठी घरात ‘सुपरिंटेंडेंटचा ईमेल आला, उद्या बर्फाची सुट्टी’ असंच बोलतात. ‘विद्याधिकाऱ्यांनी सुट्टी दिली’ म्हटलं तर आजोबांना संगीत नाटक आठवेल.

शुद्धमती
‘महापौर’ हा शब्द आला तेव्हाही हसणारे होतेच. आज तो पानवालासुद्धा म्हणतो. महापौर, महापालिका, मुख्याध्यापक, प्राचार्य, पर्यवेक्षक हे सगळे सावरकरांनी दिलेले शब्द. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

बोरूबहाद्दर
ती व्हॉट्सॅपवर फिरणारी यादी पुन्हा आलीच. ‘महापौर’ ठीक, भाषाशुद्धीच्या चळवळीतला म्हणून तो सर्वमान्य आहे. पण ‘मुख्य’ अधिक ‘अध्यापक’ हा समास कुणालाही सुचेल असा आहे. अशा शब्दावर एकाची मालकी सांगायची तर त्याआधीच्या छापील मजकुरात तो नाही हे दाखवावं लागतं. एखाद्याने शब्द घडवणं, त्याने तो उचलून धरणं आणि त्याच्यामुळे तो रुजणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.
दुसरं, ‘सुपरिंटेंडेंट’ पुण्याला परका नाहीच. न्यू इंग्लिश स्कूल 1880 मध्ये निघालं आणि वामन शिवराम आपटे, तेच कोशकार, त्या शाळेचे सुपरिंटेंडेंट होते. तेव्हा या पदनामाचा अर्थ शाळेचा प्रमुख असाच होता. पुढे फर्ग्युसनमध्ये ते प्रिन्सिपल झाले. तपासणाऱ्यांनी ‘मुख्याध्यापक’ लिहिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या हिशेबाने बरोबर म्हणायचं!

शुद्धमती
तो जमाना साहेबाचा. आणि तितकंच जुन्यात शिरायचं तर कौटिल्यापर्यंत चला. अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण ‘अध्यक्षप्रचार’. सीताध्यक्ष (शेतीचा), पण्याध्यक्ष (व्यापाराचा), सुराध्यक्ष (मद्याचा) हे सगळे आजच्या भाषेत त्या त्या खात्याचे सुपरिंटेंडेंटच. म्हणजे खरं भाषांतर ‘शालाध्यक्ष’.

नळस्टॉप
आणि बोर्डाच्या अध्यक्षाला काय म्हणणार? महा-शालाध्यक्ष?

दाखलखारीज
‘अधीक्षक’ का नको ते कुणी नीट सांगितलेलंच नाही. शब्दात खोट नाही. ईक्ष् म्हणजे पाहणे, त्यावरूनच निरीक्षक, पर्यवेक्षक आणि अधीक्षक. पदनामांच्या सरकारी मराठीतही सुपरिंटेंडेंटला अधीक्षकच. अडचण ही की आपल्याकडे ही खुर्ची मधल्या फळीची आहे: कार्यालय अधीक्षक, वसतिगृह अधीक्षक, डाक अधीक्षक. पोलीस अधीक्षक तेवढा जिल्ह्याचा प्रमुख.
त्यातही शाळेच्या जगात ‘अधीक्षक’ म्हटलं की अनुदानित शाळेचा माणूस एकच अर्थ घेतो: वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाचा अधीक्षक. पगारबिलं त्याच्याकडे जातात. ‘शाळा अधीक्षकांचे स्वागत’ वाचून निवृत्त शिक्षक आजोबा विचारतील, थकबाकी निघाली का?
म्हणून जवळचा शब्द ‘शिक्षणाधिकारी’. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि माध्यमिक असे वेगळे, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख (जवळपासच्या काही शाळांचं एक केंद्र), मग मुख्याध्यापक. अनेक शाळांवरचा माणूस हे त्यातून लगेच कळतं.

कसबा_कारकून
शिक्षणाधिकारी सरकारी नोकर. बदलीने येतो, बदलीने जातो. सुपरिंटेंडेंटला बोर्ड मुलाखती घेऊन, करार करून आणतं. पुण्यातलाच नेमका शब्द आहे: ‘शिक्षण प्रमुख’. महापालिकेचं शिक्षण मंडळ होतं तेव्हा मंडळाचे अध्यक्ष राजकीय आणि शिक्षण प्रमुख प्रशासकीय. स्कूल बोर्डाला शिक्षण मंडळ, सुपरिंटेंडेंटला शिक्षण प्रमुख. जोडी जमते.

खडकीकर
पुण्याबाहेर कोण ओळखतं ‘शिक्षण प्रमुख’? नाशिकला त्याच खुर्चीला ‘प्रशासनाधिकारी’ म्हणत आणि मुंबईत शिक्षणाधिकारीच. शिवाय आपल्या मंडळाचे सदस्य नगरसेवकांनी निवडलेले असत, लोकांनी थेट नाही. ज्या ‘नेमणूक कौन्सिलची नाही’ या मुद्द्यावर तुम्ही सुरुवात केलीत तोच इथे उलटतो. पुण्याच्या नमुन्यात महापालिकेचा हात आहे, तिकडे नाही.

कसबा_कारकून
भाषांतर करतोय, घटना लिहीत नाही.

अनुवादिनी
‘शिक्षण प्रमुख’ आवडला. ‘शाळाप्रमुख’ केलं तर? वार्तापत्रात एका जागी ‘स्कूल लीडर’ असंही आहे.

दाखलखारीज
‘शाळाप्रमुख’ अजिबात नको, तो कायद्याने अडकलेला आहे. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यात शाळेचा प्रमुख म्हणजे, कोणत्याही नावाने ओळखली जाणारी, पण शाळेचं शैक्षणिक आणि प्रशासकीय काम जिच्याकडे आहे ती व्यक्ती. म्हणजे फिरून पुन्हा मुख्याध्यापकच. ‘शालेय नेतृत्व’ प्रशिक्षणाच्या कागदांतच शोभतं, आणि ‘शाळानायक’ म्हणजे दहावीतला मुलगा.

पर्वती_पायथा
‘रुजू’ला काय हरकत आहे ते कुणी सांगेल का? शुद्ध मराठी शब्द. रोप रुजतं तसा माणूस नोकरीत रुजतो, तो रुजू.

बोरूबहाद्दर
ऐकायला गोड, पण नाही. ‘रुजू’ अरबी ‘रुजूअ’वरून, वळणे, परत येणे. फारसी दप्तरातून मराठीत आला: हुजुरात रुजू होणे म्हणजे समोर हजर होणे. हिशेब ताडून पाहण्याची ‘रुजुवात’ त्याच घरातली. ‘रुजणे’शी फक्त ध्वनी जुळतो. संस्कृतात शिरलात तर ‘रुजा’ म्हणजे आजार, तिकडे न गेलेलं बरं.

शुद्धमती
म्हणजे तपासणाऱ्यांनी बरोबर खोडलं. ‘पदभार स्वीकारला’ लिहा.

कसबा_कारकून
अरबी म्हणून खोडायचं तर अर्ज, नक्कल, मंजूर, तहसील सगळंच खोडावं लागेल. उद्या कार्यालय उघडणारच नाही.
आणि ‘रुजू’ व ‘पदभार’ एक नाहीत. रुजू होणं म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणी हजर होऊन रुजू अहवाल देणं, एका कागदाचं काम, पगार त्या तारखेपासून. पदभार म्हणजे आधीच्याकडून गोष्टी मोजून ताब्यात घेणं. माणूस एक तारखेला रुजू होतो आणि पदभार पंधरवड्याने पुरा होतो, हे नेहमीचं.

दाखलखारीज
हे महत्त्वाचं, कारण घोळ इथेच होतात. मुख्याध्यापकाने पदभार घेताना दोन्ही सह्यांची यादी हवी. त्यात जनरल रजिस्टर पहिल्या खंडापासून, कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक शेवटच्या वापरलेल्या क्रमांकासह, कॅशबुक आणि त्याच तारखेचं बँक पासबुक, जडसंग्रह (टिकाऊ सामानाची) नोंदवही, सेवापुस्तकं, शेरेबुक, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ प्रत्यक्ष वजन करून, शिक्के, किल्ल्या, आणि युडायस (शाळेची माहिती भरायची) व शालार्थ (पगाराची) या ऑनलाइन प्रणालींचे लॉगिन. लॉगिन लोक विसरतात: ओटीपी जुन्या माणसाच्या मोबाइलवर जात राहतो.
बँकेची सही वेगळी बदलावी लागते. जिथे शाळा व्यवस्थापन समितीचं खातं आहे तिथे समितीचा ठराव लागतो, आणि समितीचा सदस्य सचिव मुख्याध्यापकच. म्हणजे नव्या माणसाने आधी सभा लावायची, मग ठराव, मग बँक. अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता येईपर्यंत सह्यांचे अधिकार अडतात. सही नाही तर बिल वेतन पथकाकडे जात नाही, आणि सगळ्या शाळेचा पगार थांबतो. तांदूळ न मोजता सही केली तर कमी भरलेली गोणी नव्याच्या नावावर.

नळस्टॉप
अमेरिकेतल्या सुपरिंटेंडेंटला तांदूळ मोजायला लावायचा विचार आहे का?

पर्वती_पायथा
दाखलखारीज, एक विचारतो. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ यात फरक काय? आमच्या केंद्रातल्या निम्म्या शाळांना प्रभारीच आहेत.

दाखलखारीज
प्रभारी म्हणजे पद रिकामं आहे किंवा मंजूरच नाही, म्हणून त्याच शाळेतला, बहुधा सेवाज्येष्ठ शिक्षक ते काम बघतो. अतिरिक्त कार्यभार म्हणजे एका पदावरचा माणूस आपलं काम सांभाळून दुसरं पदही सांभाळतो, जसं एका केंद्रप्रमुखाकडे दोन केंद्रं. तुमच्याकडे निम्म्या शाळांत प्रभारी असण्याचं कारण पटसंख्या. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला 150 च्या वर आणि सहावी ते आठवीला 100 च्या वर मुलं असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. त्याखाली पदच मिळत नाही, काम मात्र सगळं राहतं.

शुद्धमती
‘प्रभारी’ हाही हिंदीतून आलेला शब्द. मराठीत ‘हंगामी’ होता.

बोरूबहाद्दर
‘हंगामी’ फारसी आहे, ताई.

अनुवादिनी
सगळ्यांचे आभार. मजकूर आज संध्याकाळी जायचाय. सध्या असं केलंय: ‘नगरसभेच्या बैठकीत शालेय विभागाचे नवे शिक्षण प्रमुख यांचे स्वागत करण्यात आले.’ पहिल्या उल्लेखाला पुढे ‘सुपरिंटेंडेंट’ असं देवनागरीत, आणि ‘रुजू’ गाळलं. ‘शालेय विभाग’ ठीक वाटतंय का?

खडकीकर
‘विभाग’ नको. विभाग म्हणजे पुणे विभाग, नाशिक विभाग. शिक्षण उपसंचालक बसतात तो.

कसबा_कारकून
‘शाळामंडल’?

शुद्धमती
मंडल की मंडळ? आधी ते ठरवा.

पर्वती_पायथा
प्रभारीला मुख्याध्यापकाची वेतनश्रेणी मिळते का?

दाखलखारीज
नुसत्या प्रभारावर नाही. वेतनश्रेणी मंजूर पदावर रीतसर पदोन्नती झाली तरच. आदेशात ‘प्रभारी’ आहे की ‘पदोन्नतीने’ ते आधी बघा.