मदत हवी आहे : मिनी ट्रॅक्टरच्या विक्री प्रतिनिधीकडून चुकीची माहिती, बुकिंग ठेवावे की रद्द करावे?

नमस्कार,

नाशिक जिल्ह्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेचे काम वडील आणि काका पाहतात. कर्ज, कागदपत्रे आणि शासकीय योजनांचे अर्ज माझ्याकडे असतात. बागेसाठी फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घ्यायचे ठरले असून तालुक्याच्या गावातील एका विक्रेत्याकडे बुकिंगची रक्कम भरलेली आहे. मात्र तेथील विक्री प्रतिनिधीच्या बोलण्यात इतकी विसंगती आढळत आहे की, उरलेले पैसे भरण्याआधी या क्षेत्रातील अनुभवी मंडळींचा सल्ला घ्यावा असे वाटले. विक्रेत्याचे आणि कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण हा तरुण लबाडी करत आहे की केवळ नवखा आहे हे अद्याप ठरवता आलेले नाही, आणि आमचा पुढचा निर्णय बराचसा त्यावरच अवलंबून आहे.

बागेची लागवड नऊ बाय पाच फुटांवर असून मांडव पद्धतीची आहे. त्यामुळे ट्रॅक्टर अरुंद आणि बुटका हवा, सायलेन्सर वर उभा नसावा, आणि मुख्य म्हणजे त्यावर 600 लिटरचा ओढण्याचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र) व्यवस्थित चालला पाहिजे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला तर केवडा रोगासाठी फवारणी लांबवता येत नाही. नुसते पाणीच 600 किलो भरते, त्यात ब्लोअरचे स्वतःचे वजन, आणि खाली ओली काळी जमीन. अशा वेळी ट्रॅक्टर कमी पडला तर त्याची किंमत पिकाच्या रूपाने मोजावी लागते, म्हणून या एका मुद्द्यावर आम्हाला कोणतीही शंका शिल्लक ठेवायची नाही.

प्रतिनिधीने सुचवलेले मॉडेल 24 एचपीचे आहे. ब्लोअरच्या माहितीपत्रकात किमान पीटीओ एचपी, म्हणजे जोडलेले यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागील दांड्यावर मिळणारी शक्ती, किती लागते ते दिलेले आहे, म्हणून या ट्रॅक्टरचे पीटीओ एचपी किती, असे त्याला विचारले. त्यावर ‘एचपी एकच असते, इंजिनला 24 म्हणजे पीटीओलाही 24’ असे उत्तर मिळाले. वस्तुतः इंजिनची शक्ती गिअरमधून पीटीओपर्यंत पोहोचेपर्यंत साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते, आणि 24 एचपीच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत एवढ्या घटीनेसुद्धा ब्लोअर चालणार की अडखळणार हे ठरते. ट्रॅक्टरचा शासकीय तपासणी अहवाल मागितला, तेव्हा असा काही कागद नसतोच, असे तो म्हणाला. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे आणि तेथील अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष मोजलेली शक्ती नोंदवलेली असते. शिवाय अनुदानाच्या अर्जासोबत दरपत्रकाच्या जोडीने हाच अहवाल लागतो. ट्रॅक्टर विकणाऱ्याला हे ठाऊक नसावे, याचे आश्चर्य वाटले. तरीही एवढ्यापुरते मी त्याला नवखाच समजतो. त्याला कोणी शिकवलेले नसेल, तर दोष त्याच्यापेक्षा मालकाचा आहे.

खरी चिंता अनुदानाबाबतच्या बोलण्याची आहे. आमचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या योजनांच्या पोर्टलवर केलेला असून खरेदीसाठीची पूर्वसंमती अद्याप आलेली नाही. पूर्वसंमतीआधी खरेदी केलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही, हा नियम गावातील प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. असे असताना, ‘आत्ता पूर्ण पैसे भरा, ट्रॅक्टर घेऊन जा, पूर्वसंमती आली की बिलाची तारीख आम्ही त्याप्रमाणे करून देऊ’ असे त्याने वडिलांना सांगितले. हे अज्ञान म्हणता येणार नाही. ट्रॅक्टरची नोंदणी एका तारखेची आणि बिल दुसऱ्या तारखेचे, असा प्रकार तपासणीत उघड झाला तर अनुदान तर जाईलच, पण खोटे कागद सादर केल्याचा ठपका अर्जदार म्हणून वडिलांवर येईल. त्या तरुणाचे तोपर्यंत महिन्याचे उद्दिष्ट पूर्ण झालेले असेल.

दरपत्रकावर सर्व मिळून एकच आकडा लिहिलेला आहे. ट्रॅक्टरची मूळ किंमत, जीएसटी, आरटीओ नोंदणी, विमा आणि जोडसाहित्य यांची फोड मागितली, तेव्हा ती बिलात दिसेल असे उत्तर आले. ट्रॅक्टरवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलेला आहे, त्यामुळे या आकड्यात कोणता दर धरला आहे हे कळणे आमचा हक्क आहे. विमा त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल, असेही तो सांगतो. तसे बंधन नसते. याशिवाय कर्जाच्या कोऱ्या अर्जांवर सह्या करून ठेवण्याचा आग्रह त्याने धरला होता, परंतु वडिलांनी सही केलेली नाही आणि ते करणारही नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मी वाचला आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः कसणारा शेतकरी ट्रॅक्टर घेतो तेव्हा तो या कायद्याने ग्राहक ठरतो, तक्रार राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते, एवढे समजले. पण आमची इच्छा भांडण्याची नाही. या कंपनीचा आमच्या भागातील हा एकच विक्रेता आहे, उद्या सर्व्हिसिंगसाठी आणि सुट्या भागांसाठी त्याच दारात जावे लागणार, आणि ऐन फवारणीच्या दिवसांत त्यांचा मेकॅनिक बागेत यायला हवा. म्हणून संबंध न बिघडवता, पण एकही गोष्ट तोंडी न ठेवता, हा व्यवहार कसा पुढे न्यावा हे विचारतो आहे.

पहिला प्रश्न असा की, या प्रतिनिधीला वगळून थेट मालकाशी बोलावे, की कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्याला ईमेल करावा? मालकाला तारखेच्या प्रस्तावाची कल्पना नसेल, तर त्याला आधी संधी देणे योग्य वाटते. पण त्याच्याच सांगण्यावरून हे चालले असेल, तर आपण सावध केल्यासारखे होईल. अशा प्रसंगी कंपनीचे अधिकारी प्रत्यक्षात लक्ष घालतात का, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर लिहावा.

दुसरे म्हणजे, बुकिंगच्या पावतीवर केवळ ‘ट्रॅक्टर अॅडव्हान्स’ असा उल्लेख आहे. मॉडेल, किंमत, परताव्याची अट यांपैकी काहीही नाही. पूर्वसंमती येईपर्यंत हे बुकिंग तसेच ठेवून मॉडेल बदलण्याची मुभा लेखी मागावी, की आत्ताच लेखी पत्राने रद्द करून पैसे परत मागावेत? पत्र दिल्यावर काही रक्कम कापून घेतली गेली असेल, तर कोणत्या कारणाखाली घेतली, हेही सांगावे.

ज्यांच्याकडे 24 ते 28 एचपीच्या ट्रॅक्टरवर 600 लिटरचा ब्लोअर आहे, त्यांनी पावसानंतरच्या काळ्या जमिनीत भरलेल्या टाकीसह तो कसा चालतो हे लिहिले, तर फार उपयोग होईल. खरेदीपूर्वी आमच्याच बागेत, आमचाच ब्लोअर जोडून प्रात्यक्षिक दाखवा, अशी मागणी मी केली आहे. ती मान्य झाली, तर ओळीच्या शेवटी वळताना आणि पंखा पूर्ण वेगात असताना इंजिन दबते का, याखेरीज आणखी काय पाहावे?

ताबा घेताना विक्री प्रमाणपत्रातील, म्हणजे नमुना 21 मधील, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि चेसिस व इंजिन क्रमांक ट्रॅक्टरवरील पट्टीशी जुळवून पाहायचे ठरवले आहे. याशिवाय एखादा कागद राहून जात असेल तर सुचवावा. पूर्वसंमती येईपर्यंत पुढचा एकही रुपया भरणार नाही, असे घरी ठरले आहे. मालकाला भेटायला येत्या आठवड्यात जाणार आहोत, त्यामुळे निदान पहिल्या दोन प्रश्नांवर त्याआधी मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.