गच्चीवरच्या टाकीवर रेन शॉवर, हँड शॉवर आणि बॉडी जेट चालतील का?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. वरच्या मजल्यावरचं 5 बाय 7 फुटांचं बाथरूम पूर्ण फोडलंय. त्यात 8 इंची रेन शॉवर, एक हँड शॉवर आणि चार बॉडी जेट (भिंतीतून अंगावर फवारा मारणारे) बसवायचे आहेत. सीपीव्हीसीचं (गरम पाणी चालणारा प्लास्टिक पाइप) काम येतं, पण कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेलं, कधी केलेलं नाही. पाइपिंग स्वतःच करणार.

परिस्थिती अशी: बाथरूमच्या फरशीपासून स्लॅब 10 फूट, त्यावर 4 फुटी स्टँड आणि 1000 लिटरची टाकी. पाणी बोअरचं, चांगलंच जड. गच्चीवर 200 लिटरचा ट्यूबवाला सोलर आहे, बाथरूममध्ये 25 लिटरचा गिझर. दुकानदार म्हणतो, अर्धा इंची लाइन टाका, सगळं चालेल. पटत नाही. बाहेरची भिंत 9 इंची, आतली 4 इंची आहे.

भुसावळ_जंक्शन

दुकानदाराचं सोडा भाऊ, आधी प्रेशर मोजा. टाकीचा तळ फरशीपासून 14 फुटांवर, शॉवर 7 फुटांवर. म्हणजे उंचीचा फरक 7 फूट, साधारण 2.1 मीटर. 10 मीटर उंचीला 1 बार धरला तर तुमच्याकडे जेमतेम 0.2 बार आहे, तोही पाइपातलं घर्षण धरायच्या आधी. बॉडी जेटला किमान 1 बार लागतो. 0.2 वर जेटमधून फवारा निघत नाही, पाणी भिंतीवरून खाली ओघळतं. 8 इंची रेन शॉवरही अर्धाच भिजेल. तेव्हा पंपाशिवाय जेट विसरा.

आता पाणी किती लागेल? रेन शॉवर मिनिटाला 12 लिटर, हँड शॉवर 8, जेट प्रत्येकी 4 म्हणजे 16. सगळं एकदम सोडलं तर 36. पण सगळं एकदम कोणी सोडत नाही, म्हणून रेन आणि जेट मिळून 28 लिटर धरा. अर्धा इंची एसडीआर 11 (पाइपाच्या जाडीचा वर्ग) पाइपाचा आतला व्यास साडेबारा मि.मी.च्या आत असतो. 28 लिटरला त्यात पाण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ 4 मीटर होतो: पाइप गुणगुणतो आणि प्रेशर वाटेतच मरतं. पाऊण इंचीत तोच वेग 2 मीटरच्या आत राहतो. टाकीपासून बाथरूमपर्यंत 1 इंची, आत पाऊण इंची, आणि फक्त शेवटच्या तुकड्याला अर्धा इंची ठेवा.

पंप अर्ध्या एचपीचा प्रेशर बूस्टर. डब्यावरचा ‘मॅक्स हेड’ बघून घेऊ नका, 30 लिटर प्रवाहाला 1.5 ते 2 बार देतो का ते त्याच्या तक्त्यात बघा. क्रम असा: टाकी, बॉल व्हॉल्व्ह, वाय स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी), पंप, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह). पंपाला समांतर एक बायपास ठेवा आणि त्यात स्विंग टाइप एनआरव्ही टाका, म्हणजे लाइट गेली तरी निदान टाकीच्या उंचीच्या जोरावर नळ चालतो. स्प्रिंगचा एनआरव्ही तिथे नको, 0.2 बारातला बराचसा वाटा तोच खातो.

कंट्रोलसाठी पाणी हव्या त्या शॉवरकडे वळवणारा पाच वाटांचा महागडा डायव्हर्टर घेण्यापेक्षा एक कन्सील्ड सिंगल लिव्हर मिक्सर, त्याच्यापुढे पाऊण इंची मॅनिफोल्ड (एका लाइनीच्या अनेक वाटा करणारा जोड) आणि तीन कन्सील्ड स्टॉप कॉक ठेवा. पाहिजे ते जोडून चालवता येतं, आणि स्टॉप कॉकचं स्पिंडल बदलायला अमळनेरातच मिळतं.

लळिंग_पायथा (धुळे)

मॅनिफोल्डचा विचार चांगला, पण त्यात एक सापळा आहे. मिक्सर मधोमध उघडा ठेवून तिन्ही स्टॉप कॉक बंद केले, तर गरम आणि थंड लाइन मिक्सरच्या पोटातच एकमेकींना भिडतात. ज्या बाजूला प्रेशर जास्त, ते पाणी दुसऱ्या लाइनीत घुसतं. मग स्वयंपाकघरात थंड नळाला कोमट पाणी येतं आणि कारण काही केल्या सापडत नाही. मिक्सरआधी दोन्ही लाइनींवर एनआरव्ही घाला, आणि पाणी बंद करायचं ते मिक्सरनेच.

त्याहून मोठा मुद्दा सोलरचा. ट्यूबवाल्या साध्या सोलरची टाकी प्रेशरची नसते, तिला उघडा व्हेंट असतो. पंपाची लाइन तिच्या इनलेटला जोडली तर व्हेंटमधून कारंजं उडेल किंवा टाकीचा सांधा उकलेल. आणि फक्त थंड बाजूला पंप लावून गरम पाणी सोलरवरून उंचीने आणलं, तर 2 बारांपुढे 0.2 बारांचं गरम पाणी मिक्सरमध्ये शिरणारच नाही.

गिझर पंपाच्या लाइनीवर घेतला तर त्याचा जुना व्हेंट पाइप काढून तोंड बंद करावं लागेल, नाहीतर तिथूनही पाणी गच्चीवर वाहील. मात्र व्हेंट बंद करण्याआधी गिझरच्या प्लेटवर प्रेशर रेटिंग बघा आणि थंड इनलेटला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा. तो नसेल तर व्हेंट बंद करूच नका. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, ते पडलेच पाहिजेत. तिथे बूच मारणारे महाभाग पाहण्यात आहेत.

गिझरचा हिशोबही करून घ्या. हिवाळ्यात टाकीतलं पाणी 20 अंश, गिझरचं 60, अंघोळीला 40. म्हणजे 25 लिटरचं कागदावर 50 लिटर होतं, 28 लिटरच्या प्रवाहाला दोन मिनिटंही पुरत नाही. 2 किलोवॅटच्या गिझरला पुन्हा तापायला 35 मिनिटांच्या आसपास.

केळीबाग_रावेर

आपल्याकडे जेट हवे कधी? एप्रिल-मे-जूनमध्ये. तेव्हा गरम पाणी कोणाला लागतं? दुपारी तर टाकीतलं ‘थंड’ पाणीच चटका देतं. म्हणून जेटला गरम लाइन देऊच नका. एकट्या थंड लाइनीवर पंप, त्यावर फक्त चार जेट आणि त्यांचा एक स्टॉप कॉक. रेन आणि हँड शॉवर मिक्सरवर, दोन्ही बाजू सोलर आणि टाकीवरून उंचीनेच. सोलर, गिझर, व्हेंट कशालाच हात लावायला नको, लाइनींची भांडणंही संपली. फक्त 8 इंचीऐवजी 6 इंची, कमी प्रेशरवर चालणारा शॉवर घ्या आणि त्याच्या मानेत फ्लो रिस्ट्रिक्टरची चकती असेल तर ती काढा.

भुसावळ_जंक्शन

हे मान्य. खर्चही निम्म्यावर येईल. थंडीत जेट पडून राहतील, ते चालणार असेल तर हाच मार्ग घ्या.

बोरीकाठ

चालेल, जेट थंडच ठेवतो. आता भिंतीतलं सांगा. चार जेट एकाच ताकदीने चालायला लाइन कशी फिरवायची? आणि पाइप 4 इंची भिंतीत गेला तर?

भुसावळ_जंक्शन

एकामागोमाग एक जोडलं तर पहिला जेट जोरात आणि चौथा मेलेला. पाऊण इंचीची बंद चौकट करा, म्हणजे प्रत्येक जेटला दोन्ही बाजूंनी पाणी येतं. सामान: पाऊण इंची एल्बो 4, आत येणाऱ्या लाइनीसाठी पाऊण इंची टी 1, जेटसाठी पाऊण बाय अर्धा ब्रास टी 4. खालचे दोन जेट फरशीपासून 3 फुटांवर, वरचे दोन साडेचार फुटांवर. त्याहून वर नेलं तर पाणी तोंडावर येतं.

चौकटीला आडवी झिरी लागते, म्हणून ती 9 इंची भिंतीतच. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी एक षष्ठांशापर्यंत, त्यापुढे नाही. 9 इंचीला आडवी दीड इंच मिळते, पाऊण इंची पाइप आरामात बसतो. 4 इंचीला पाऊण इंचसुद्धा मिळत नाही, म्हणून तिथे आडवं काही नकोच. कट कटरने मारा, छन्नी-हातोड्याने पलीकडचं प्लास्टर सुटतं.

उघड्या विटेपासून टाइलच्या तोंडापर्यंत प्लास्टर, चिकटवण आणि टाइल मिळून इंचभर जातं. ब्रासचं तोंड टाइलच्या किंचित आत ठेवा, कमी पडलं तर एक्स्टेन्शन निपल आहे. बाहेर राहिलं तर फ्लँज (भोक झाकणारी चकती) टाइलला टेकणार नाही, आणि तो दोष नंतर झाकता येत नाही. स्टॉप कॉकच्या बॉडीवर प्लास्टरची खूण असते, ती पाळा.

लळिंग_पायथा (धुळे)

थोडी भर. सॉल्व्हंट सीपीव्हीसीचाच घ्या, पांढऱ्या यूपीव्हीसीचा चालत नाही. आपल्या उन्हात तो ब्रशवरच सुकतो, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी सांधे करा. डब्यात जेलीसारखा झाला असेल तर फेकून द्या, पातळ करत बसू नका. पाइप सरळ कापून कड घासायची, पाव फेरा देत आत घालायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. प्लास्टिकचे आटे ब्रासमध्ये घालू नका, एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) ब्रासचाच. टेफ्लॉन टेपही भरमसाट गुंडाळू नका, त्याने एफटीए (आतून आटे असलेला जोड) फाटतो.

24 तासांनी टेस्ट पंप भाड्याने आणा. जेटच्या तोंडांना प्लग मारा, हवा काढून पाणी भरा आणि 6 किलो प्रेशरवर दोन तास ठेवा. काटा खाली आला तर गळती आहेच. मात्र पाइप उन्हात असेल तर पाणी तापून काटा चढतो आणि सावलीत उतरतो, तेव्हा टेस्ट सकाळीच करा. हवेच्या कॉम्प्रेसरने कधीच नको, सीपीव्हीसी फुटला तर तुकडे उडतात. प्लास्टरआधी मोजायची टेप धरून फोटो काढा.

केळीबाग_रावेर

दोन गोष्टी राहिल्या. गच्चीवरचा उघडा सीपीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो, त्याला पाण्यातला पांढरा रंग द्या. आणि नहाणी ट्रॅप 75 मि.मी.चा घ्या, 50 चा या पाण्याला पुरत नाही. उतार 7 फुटांत इंचभर. जड पाण्याने जेटची भोकं बुजतात, म्हणून रबरी तोंडाचे जेट घ्या, अंगठ्याने चोळलं की क्षार निघतो. उरलाच तर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून रात्रभर बुडवा. वाय स्ट्रेनरची जाळी मात्र महिन्याला काढून धुवावी लागेल, म्हणून तो हात पोचेल अशा जागी बसवा, टाकीच्या स्टँडखाली कोपऱ्यात नको.