बेसाल्टमधील विभंग आणि तांबे : किविनॉ व दख्खन

प्रश्न : अमेरिकेतील मिशिगनच्या किविनॉ द्वीपकल्पात बेसाल्टमध्ये धातुरूप तांबे सापडले आणि 1840च्या दशकापासून 1968पर्यंत त्याच्या खाणी चालल्या. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये तसे साठे का नाहीत? किविनॉतील विभंगांचा, म्हणजे ज्यांच्या दोन बाजूंचा खडक एकमेकांच्या तुलनेत सरकला आहे अशा भेगांचा, यात किती वाटा होता?

प्रतिसाद 1 : माझ्या मते वाटा निर्णायक होता. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी खंड फाटताना तेथे लाव्ह्याचे थर अनेक किलोमीटर जाडीपर्यंत साचले. पुढे आडव्या दाबाने जुने विभंग उलट्या दिशेने सरकले, खडक भेगाळला, आणि खोलवर तापलेल्या बेसाल्टमधून तांबे विरघळवून घेतलेले पाणी त्या वाटांनी वर चढले. लाव्ह्याच्या सच्छिद्र माथ्यांत, गोटे जुळून बनलेल्या पिंडाश्म खडकांत आणि थरांना छेदणाऱ्या भेगांत हे तांबे पाण्यातून बाहेर पडून साचले. भूपृष्ठावर वाहताना लाव्ह्यातील बराच गंधक वायुरूपाने निघून गेला होता, म्हणून सल्फाइडऐवजी (गंधकाशी संयोग झालेल्या तांब्याऐवजी) शुद्ध धातू तयार झाला.

प्रतिसाद 2 : दख्खनचे थर सुमारे 6.6 कोटी वर्षांचे असून मोठ्या प्रमाणात आडवेच राहिले आहेत. पोकळ्यांत झिओलाइट ही पाण्यातून तयार होणारी खनिजे भरली, म्हणजे पाणी फिरले. परंतु किविनॉइतके खोल गाडले जाणे आणि नंतरचा तसा दाब येथे घडला नाही.

प्रतिसाद 3 : तुलनेसाठी झारखंडचा सिंगभूम कर्तनपट्टा (खडक एकमेकांवर घासत सरकून चिरडला गेलेला पट्टा) अवश्य अभ्यासावा. मोसाबनी आणि सुरदा येथे अशा घासण्याने पातळ पदर पडलेल्या, क्लोराइट व बायोटाइट ही खनिजे असलेल्या शिस्ट या रूपांतरित खडकात चाल्कोपायराइट हे तांबे, लोह व गंधकाचे खनिज मिळते, म्हणजे तेथे गंधक उपलब्ध होता.