एकाच हॉलमध्ये टीव्ही आणि वाचन: आवाजाची आणि दिव्याची सोय कशी करावी?

खिडकीपाशी:
रविवारी संध्याकाळी टीव्ही आणि पुस्तक दोन्ही एकाच हॉलमध्ये. हॉल १० बाय १६ फुटांचा, टीव्ही ४३ इंची, १० फुटांच्या भिंतीवर टांगलेला. सोफा समोर ९ फुटांवर, वाचायची खुर्ची सोफ्याच्या मागे. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज कायम ४० वर, आणि त्यात वाचणं अशक्य. ब्लूटूथ हेडफोन दिला तर सेट-टॉप बॉक्सवरच्या मालिकेत ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. टीव्हीतल्या ॲपवर मात्र हा त्रास नाही. शिवाय वाचायचा दिवा लावला की तो पडद्यात दिसतो. नवा टीव्ही किंवा साउंडबार घ्यायचा नाहीये. काय करता येईल?

तारजोड:
ॲप आणि बॉक्स यांच्यात फरक का पडतो ते आधी सांगतो, म्हणजे मेनूमध्ये खटपट करण्यात वेळ जाणार नाही. ब्लूटूथवर आवाज आधी आवळला जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. साध्या एसबीसी पद्धतीत यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. ॲपला हा उशीर कळतो, म्हणून ते चित्रही तेवढंच मागे धरतं. बॉक्सचं चित्र एचडीएमआयमधून थेट पडद्यावर येतं, त्याला कोणी थांबवत नाही. 'ऑडिओ डिले'चं सेटिंग बहुतेक टीव्हींत आवाज आणखी मागेच ढकलतं, पुढे आणत नाही. आवाज चित्राच्या सव्वाशे मिलिसेकंद मागे पडला की तो जाणवायला लागतो.

तेव्हा बॉक्ससाठी ब्लूटूथ सोडा. स्टँडवर चार्ज होणारे २.४ गिगाहर्ट्झचे 'टीव्ही हेडफोन' मिळतात, त्यांचा उशीर बराच कमी असतो. घेताना स्टँडला ऑप्टिकल इनपुट (प्रकाशाच्या केबलने आवाज घेणारं भोक) आहे ना, ते बघा. नसेल तर मध्ये ऑप्टिकलचं ॲनालॉग (साध्या तारेतून जाणारा आवाज) करणारी छोटी डबी लागते.

जोडताना तीन ठिकाणी हमखास अडतं. ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपी असते. ती न काढता केबल खुपसली की आवाज येत नाही आणि भोकही सैल होतं. टोपी काढून एक टोक टीव्हीत घाला, दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसला पाहिजे. दुसरं, टीव्हीचा 'डिजिटल ऑडिओ आउट' पीसीएमवर (न आवळलेला आवाज) ठेवा. तो ऑटो किंवा डॉल्बीवर असेल तर बातम्या ऐकू येतात आणि एचडी सिनेमा लावला की शांतता किंवा खरखर, कारण स्वस्त डबीला डॉल्बी उलगडता येत नाही. तिसरं, हेडफोनच्या भोकातून आवाज घेऊन त्याच टीव्हीच्या यूएसबीवर ट्रान्समीटर (म्हणजे हेडफोनचा स्टँड) चालवला तर बऱ्याचदा गुणगुण येते. ऑप्टिकलमध्ये तांब्याची तार नसल्याने हा प्रश्न येत नाही.

कानगोष्ट:
हेडफोन विकत घेण्याआधी एक विचारते, सासूबाई श्रवणयंत्र वापरतात का? यंत्रावर हेडफोनची वाटी दाबली की शिटी वाजते आणि यंत्र काढून ठेवलं तर त्याचा फायदाच गेला. अशा वेळी छोटा तारेचा स्पीकर सोफ्यावर त्यांच्या जागेशेजारी, कानापासून दोन-तीन फुटांवर ठेवावा. अंतर निम्मं झालं की आवाज मोकळ्या जागेत ६ डेसिबलने वाढतो. खोलीत वाढ थोडी कमी मिळते, पण ९ फुटांवरून ३ फुटांवर आल्यावर टीव्हीचा ४० चा आकडा १५-२० वर आणायला ती पुरते. वाचणाऱ्यालाही त्रास कमी.

आणखी एक. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, म्हणजे स, श, फ, त यांसारखी व्यंजनं. म्हणून 'ऐकू येतं पण कळत नाही' अशी तक्रार असते. त्यावर आवाज वाढवला की फक्त पार्श्वसंगीत वाढतं. टीव्हीच्या इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायचं सेटिंग) २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्या दोन-तीन घरं वर करा, १०० हर्ट्झची खाली घ्या आणि 'क्लिअर व्हॉइस' असेल तर चालू करा. 'सराउंड' बंदच ठेवा, त्यात संवाद पसरट होतात. हे फुकटात होतं, तेव्हा सुरुवात इथूनच करा.

पिवळाउजेड:
दिव्याबद्दल. टीव्ही बंद करा, सोफ्यावर सासूबाईंच्या जागी बसा आणि काळ्या पडद्यात बघा. त्यात दिवा दिसला तर टीव्ही चालू असतानाही दिसणार. सोफ्यामागचा दिवा समोरच्या पडद्यात येणारच, त्याचा पॉवर कमी करून भागत नाही. खुर्ची टीव्हीच्याच भिंतीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून ठेवा. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे तो मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना मीटरभर जागा उरते. तिथल्या दिव्याचं प्रतिबिंब सोफ्यावरून दिसत नाही आणि वाचणाऱ्याच्या नजरेसमोर हलतं चित्रही राहत नाही. मला हा बदल हेडफोनइतकाच महत्त्वाचा वाटतो.

शेड मात्र अपारदर्शक, पत्र्याची घ्या. कापडी शेड समोर बसलेल्यांच्या डोळ्यांवर येते. शेडचा खालचा काठ बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून सुमारे ४२ इंचांवर. ९ वॉटचा एलईडी (८०० लुमेनच्या आसपास), ३००० केल्विन (पिवळसर उजेड), पुस्तकापासून दीड-दोन फुटांवर. बल्ब लुकलुकतो का, हे मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघा: काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा घ्या. पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी लावू नका. बाकी हॉल पूर्ण अंधारात नको, टीव्हीमागे भिंतीवर मंद उजेड असला की डोळे कमी शिणतात.

खिडकीपाशी:
श्रवणयंत्र नाहीये. इक्वलायझरने फरक पडला, आवाज आता २८ वर चालतो. खुर्ची हलवली, दिवा दिसत नाही. ऑप्टिकलचं भोक आहे, पण हेडफोन निवडला की टीव्हीचे स्पीकर बंद होतात आणि बाकीच्यांना काहीच ऐकू येत नाही.

तारजोड:
'साउंड आउटपुट'मध्ये 'टीव्ही स्पीकर + ऑप्टिकल' असा पर्याय आहे का, ते पाहा. असेल तर काम झालं, कारण ऑप्टिकलची पातळी सहसा रिमोटने बदलत नाही. टीव्ही १२ वर ठेवा, सासूबाईंचा आवाज त्यांच्या हेडफोनच्या चाकावर.

तो पर्याय नसेल तर स्टँड टीव्हीऐवजी सेट-टॉप बॉक्सच्या मागच्या एव्ही किंवा ऑप्टिकल भोकाला जोडा. मग टीव्हीचे स्पीकर मोकळे राहतात. तोटे दोन: ॲपचा आवाज हेडफोनला मिळणार नाही, आणि टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो म्हणून आवाज चित्राच्या आधी येऊ शकतो. आधी आलेला आवाज जास्त लवकर खटकतो, ४५ मिलिसेकंदांपासूनच. तसं झालं तर बॉक्स ज्या एचडीएमआयला आहे, त्या इनपुटवर 'गेम मोड' चालू करा. चित्रावरची बरीच प्रक्रिया बंद होते आणि मेळ बसतो. रंग थोडे निळसर वाटले तर त्याच मोडमध्ये कलर टेम्परेचर 'वॉर्म' करा.