शोधगंगेतला गाळ: उपसायचा की राहू द्यायचा?

चिंचोका
गेले दोन आठवडे शोधगंगेवर पडीक आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: देशभरातल्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध साठवणारं हे भांडार, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. २००९ साली यूजीसीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, त्यानंतर ते फुगत गेलं. आज आत पाच लाखांवर प्रबंध आहेत. फुकट, घरबसल्या.

मी शोधत होतो ऊसतोड मजुरांचं स्थलांतर. मिळालं काय? पहिल्या प्रकरणात 'स्थलांतर म्हणजे काय' याच्या दहा व्याख्या. मग गृहीतके, मग प्रश्नावली, मग तक्ते आणि शेवटी निष्कर्ष: 'मजुरांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे.' हे कळायला पाच वर्षं लागली? त्यातल्या दोन प्रबंधांचं पहिलं प्रकरण तर शब्दन् शब्द तेच, छपाईच्या चुकांसकट. गंगा म्हणा हवं तर, पण गाळ फार साचलाय. तज्ज्ञ बसवा, चाळणी लावा, निवडक तेवढंच जपा असं माझं स्पष्ट मत.

दप्तरी
चाळणी कोण धरणार, तेवढं सांगा.

पुण्यात पेशवे दप्तर आहे, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांचा साठा. कागद कापडात बांधून ठेवलेले, त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. १९३० नंतर इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले. अफाट काम, त्याबद्दल वादच नाही. सामाजिक बाबींनाही त्यात जागा आहे, पण भर राजकारणावर, मोहिमांवर. तो काळच तसा होता. आता समजा, छापून झाल्यावर कुणी म्हणालं असतं की उरलेले रुमाल जाळा, त्यात नुसते जमाखर्च आहेत! पुढे बलुतेदारी, वेठबिगार, वतनं यांवर लिहिणाऱ्यांनी काय वाचलं असतं? जपानचे इतिहासकार हिरोशी फुकाझावा पेशवाईतल्या वेठीवर लिहू शकले, ते सरकारी नोंदी उरल्या म्हणून. कोणत्या गावातून किती माणसं वेठीला धरली, हे लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहितोय असं थोडंच वाटत होतं?

चिंचोका
कारकुनाने दुसऱ्या कारकुनाची कीर्द उतरवून पगारवाढ घेतली नव्हती. तुमचा रुमाल अस्सल आहे. हे नक्कल करून पदवी मिळवणारे. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

निवृत्त_ग्रंथपाल
तीस वर्षं प्रबंधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. एक प्रत ग्रंथालयात, एक विभागात, एक मार्गदर्शकांच्या घरी. बाहेरगावचा कुणी आला तर अर्ज, सही, 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या'. तोवर कसर आपलं काम करतच असे. त्या कपाटात काय काय होतं! अहिराणी ओव्या, जुन्या वाड्यांच्या चुन्याची घडण, एका देवराईतल्या झाडांची यादी. ती देवराई रस्त्यात गेली, आता यादीच काय ती उरली. आणि एकाच जागी ठेवलेल्या गोष्टीचं काय होऊ शकतं, ते ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा आपण पाहिलंय.

चोरीबद्दल म्हणाल तर ती तुम्हाला सापडली कशी? दोन्ही प्रबंध उघड्यावर होते म्हणून. कपाटात असते तर दोन्ही लेखक सुखाने निवृत्त झाले असते.

पाटी_पेन्सिल
मी सध्या पीएचडी करतेय, म्हणून थोडं उलटं बोलते. जपायला माझी ना नाही, पण सरसकट उघडं ठेवायला आहे. माझं क्षेत्रकाम परित्यक्ता बायकांमध्ये. त्या माझ्याशी बोलल्या कारण मी ओट्यावर बसून चहा प्यायले म्हणून. परिशिष्टात गावाचं नाव, वय, किती मुलं एवढं आलं की त्या गावातल्या कुणालाही ही कोण ते कळतं. माझा प्रबंध काही वर्षं बंद ठेवा म्हटलं तर वर्गातले मित्र म्हणतात, लपवायला काय आहे? लपवायला माझं काही नाही हो, त्यांचं आहे.

शिवाय मराठी प्रबंधांचं उघडं असणंही नावाचंच. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असले की आतला मजकूर संगणकाला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. शब्द टाकून शोधा, काही सापडत नाही. साम्य तपासणारं सॉफ्टवेअरही तिथे आंधळं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. खिचडीतलं साम्य मोजणार कसं?

दप्तरी
नावांबद्दल पटलं. वेठीला धरलेल्यांना आपण विचारायला गेलो नव्हतो, ते कधीच वारलेले होते. जिवंत माणसांचं वेगळं.

बांधावरून
मी काही संशोधक नाही, पण गाळावर बोलायचा हक्क आहे. आमच्याकडे धरणातला गाळ उपसून शेतात टाकतात, त्यासाठी सरकारी योजना आहे, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. मुरमाड रानात कापूस येतो त्यावर. पण गाळ येतो वरच्या उघड्या डोंगरावरून. चर खणायचे, झाडं लावायची ती तिथे. धरणाच्या तोंडाशी चाळणी लावून काय होणार? तुमच्यात डोंगर म्हणजे मार्गदर्शक, बहिःस्थ परीक्षक आणि ती तोंडी परीक्षा, जिच्या आधीच पेढ्यांची ऑर्डर गेलेली असते.

पाटी_पेन्सिल
पेढे नाही, अख्खं जेवण असतं. 😅

निवृत्त_ग्रंथपाल
चिंचोका, एक विचारतो. त्या नक्कल केलेल्या प्रबंधांची परिशिष्टं पाहिलीत का? शोधगंगेवर प्रकरणवार वेगळ्या फाइली असतात. लोक पहिली आणि शेवटची उघडतात नि निघून जातात.

चिंचोका
नव्हती पाहिली. आत्ता पाहिली.

दोघांतल्या एकाने पस्तीस कोयत्यांचा हिशेब दिलाय. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, मुकादमाने किती कापलं, आजारपणाचे खाडे किती, हंगाम संपल्यावर अंगावर बाकी किती. सगळं हाताने लिहून स्कॅन केलंय, म्हणून शोधात येत नव्हतं. हा माणूस नक्की कोप्यांवर, मजुरांच्या झोपड्यांवर, जाऊन बसला असणार. प्रबंधात मात्र त्या पानांवर एक ओळ नाही, नुसती टक्केवारी.

आणि पाटी_पेन्सिल, प्रत्येकाचं नाव आणि गावही आहे.

पहिलं प्रकरण चोरीचंच आहे, तो शब्द मी मागे घेत नाही.