मदत हवी आहे: जुन्या रीफ टँकमधील खडकांची फेरमांडणी

माझ्या स्थिरावलेल्या खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकमध्ये (प्रवाळ वाढवण्याच्या काचेच्या टाकीत) खडकांची रास मागच्या काचेला इतकी भिडली आहे की तिच्यामागे पाणी खेळत नाही आणि तपकिरी गाळ साचत राहतो. मधोमध वाट ठेवून दोन सुटे उंचवटे रचण्याचा विचार आहे. काढलेले खडक टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवले, तर त्यांवरील नायट्रीकरण करणारे (विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे) जिवाणू टिकतात. खरी धास्ती वाळूची वाटते, कारण तळाचा खडक उचलताच खालच्या काळवंडलेल्या थरातील हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू व कुजका गाळ पाण्यात मिसळू शकतो. दोन खडकांवर पसरलेले झोअँथिड (प्रवाळांसारखे वसाहतीने वाढणारे मऊ जीव) हेही कापावे लागतील. त्यांच्यात असू शकणाऱ्या पॅलिटॉक्सिन या जहाल विषाच्या धोक्यामुळे हातमोजे आणि चष्मा वापरणारच आहे. काम एकाच दिवशी उरकावे की टप्प्याटप्प्याने करावे, आणि वाळूतील गाळ आधी सायफनने काढावा का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.