साहेबांचा फोन आला तेव्हा तुम्ही काय केलंत?

महसूल खात्यात नुकताच लागलोय. परवा पहिल्यांदा एका पीएंचा फोन आला, "भाऊंचं काम आहे, बघून घ्या." वर्तणूक नियम 1979 पाठ आहेत, पक्षापासून लांब राहायचं वगैरे, पण फोनवर बोलायचं काय ते त्यात नाही ना. नोकरीतल्यांनी, रिटायर झालेल्यांनी अनुभव लिहा. नेत्याचं, ऑफिसचं नाव नको.

निवृत्त तलाठी
गारपिटीचे पंचनामे चालू होते, मी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघं, तर चावडीवर कार्यकर्ते यादी घेऊनच बसलेले, "उन्हात कशाला फिरता भाऊसाहेब, ही घ्या आणि सह्या मारा." नाही म्हटलं नाही, यादी पिशवीत टाकली आणि बांधावर गेलो. यादीतल्या काहींचं खरंच नुकसान होतं, काहींनी कांदा लावलाच नव्हता. आणि विरोधी गटातल्या एकाचं अख्खं शेत झोपलेलं, त्याचं नाव कुठेच नाही. जे दिसलं ते लिहिलं. पुढे सहा महिने गावात मला कोणी चहा विचारला नाही, आणि ज्याचं नाव घातलं त्यानेही नाही बरं का!

पंचायत समितीतला कारकून
आमच्या हेडक्लार्कनी शिकवलेलं, गोड बोलायचं, "साहेब एक पत्र द्या ना, लगेच टिपणी टाकतो." बहुतेक पत्रं येतच नाहीत. फोन ठेवला की तारीख, वेळ, कोणाचा, काय, सगळं डायरीत. सुप्रीम कोर्टानेही 2013 मध्ये तेच सांगितलंय, तोंडी आदेशावर कामं करू नका, नोंद ठेवा. पत्र आलंच तर वरून शेरा येतो 'नियमानुसार कार्यवाही करावी'. नवीन पोराला वाटतं काम करायला सांगितलंय 😄

एक अभियंता
वरचं वाचायला छान आहे. मी लेखी मागितलं आणि 14 महिन्यांत बदली, 'प्रशासकीय कारणास्तव'. 2005 चा बदल्यांचा कायदा तीन वर्षं म्हणतो पण अपवादाचं कलमही त्यातच आहे. मॅटमध्ये (राज्य सरकारी नोकरांचं न्यायाधिकरण) गेलो, स्टे मिळाला, तोपर्यंत मुलीची दहावी अर्धी झाली होती आणि बायकोने एकच विचारलं, एवढं अडवून रस्ता तरी नीट झाला का? नव्हता झाला. तरी बिलावर माझी सही नाही, एवढं आहे.

तहसीलमधली ताई
माझं उलट झालं, लिहायला लाज वाटते. संजय गांधी निराधारच्या एका अर्जासाठी आमदारांच्या ऑफिसातून फोन आला आणि मी इरेला पेटले, वशिला काय लावता म्हणून फाइल खाली सरकवली. दोन महिन्यांनी उघडली तर कागद सगळे बरोबर, विधवा बाई, हेलपाटे मारून दमली म्हणून त्यांच्याकडे गेलेली. फोन आला म्हणून काम करायचं नाही तसं फोन आला म्हणून अडवायचंही नाही हे मला कोणी ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

झेडपी शिक्षक
आचारसंहितेत कोनशिलेवरचं नाव झाकायला कागद चिकटवला, तर पोरं रोज विचारायची, "सर, खाली कोणाचं नाव आहे?"

मूळ प्रश्नवाला
सगळ्यांचे आभार. आज परत फोन आला, पत्र मागितलं. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही, मग, "नवीन आहात का?"